रोज पुसलेल्या गाडीवरची जाळी

पत्र : "मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३२ वर्षं शिकवलं. निवृत्तीनंतर आयुष्यातली पहिली चारचाकी घेतली, काळ्या रंगाची. फुलेवाडीत राहतो. गाडी घरासमोर रस्त्यावरच, गुलमोहराखाली उभी असते. रोज सकाळी साडेसहाला मी स्वतः फडकं मारतो, आधी कोरडं, मग ओलं. एक दिवसही चुकवलेला नाही. तरी दहा महिन्यांत बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा आल्या, उन्हात स्पष्ट दिसतात. खंडेनवमीला बोनेटवर काढलेल्या स्वस्तिकाचा डागही पुरता जात नाही. वॉशिंग सेंटरवाला म्हणतो, रबिंग-पॉलिश करा, नवी दिसेल. पुण्यातला मुलगा म्हणतो, सिरॅमिक कोटिंग करून टाका. शेजारी म्हणतात, कव्हर घाला. आमची मंडळी म्हणतात, इतकं पुसूनही असं होतंय म्हणजे रंगच हलका लावलाय. काय करू? ता. क. नातवानं मागच्या डाव्या दारावर खड्यानं रेघ ओढली आहे. तिचंही सांगा." (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

सर, नमस्कार.

"एक दिवसही चुकवलेला नाही" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच वाक्यात आहे. ते मनाला लागेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. वहिनींना सांगा, रंग हलका नाही. ती जाळी रोजच्या पुसण्यानंच आलेली आहे.

उद्यमनगरात गाड्यांच्या रंगकामात माझी तीस वर्षं गेली. तेवढ्या काळात मी धुळीनं खराब झालेली गाडी पाहिली नाही. धूळ पुसून खराब केलेल्या गाड्या मात्र रोज पाहिल्या, आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांवर मालकाचा फार जीव होता. ज्याला गाडीचं काही पडलेलं नसतं, तो महिन्यातून एकदा पाणी मारतो आणि सोडून देतो. त्याच्या रंगावर रेघा कमी असतात. हे अन्यायाचं वाटेल, पण आहे ते असं आहे.

आता हे का होतं ते नीट सांगतो, कारण कारण कळलं की पुढचं सगळं तुमचं तुम्हालाच सुचत जाईल.

पत्र्यावर कारखान्यात आधी गंज धरू नये म्हणून एक थर बसवतात, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. त्याला आम्ही नुसतं 'क्लिअर' म्हणतो. गाडीची चकाकी म्हणजे हा क्लिअर. हे चारही थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वहीचा एक कागद जवळपास १०० मायक्रॉनचा असतो, म्हणजे तुमच्या गाडीचा अख्खा रंग वहीच्या एका पानाएवढा जाड. त्यातला क्लिअर ४० ते ५० मायक्रॉनचा, अर्धं पान. उन्हातली अतिनील किरणं अडवणारं द्रव्यही याच अर्ध्या पानात असतं. गाडी विकेपर्यंत हीच शिल्लक पुरवायची आहे.

आणि धूळ म्हणजे काय? रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे क्वार्ट्झचे बारीक कण असतात. खनिजांच्या मोह्स कठीणता श्रेणीवर क्वार्ट्झ ७ वर आहे, साध्या लोखंडापेक्षाही कठीण. क्लिअर त्यापुढं कुठंच नाही. आपल्याकडं यात आणखी भर पडते. आता गळीत हंगाम सुरू आहे. तुमचं घर गगनबावड्याच्या रस्त्याला, तिथून दिवसरात्र उसाच्या ट्रॉल्या जाणार, शेतात पाचट पेटणार, धुराड्यांची काजळी सकाळी बोनेटवर पडलेली असणार. ती काजळी बोटाला मऊ लागते. पण उसाच्या चिपाडाच्या राखेत निम्म्याहून जास्त सिलिका असू शकते. म्हणजे तीही वाळूचीच बहीण.

कोरडं फडकं फिरवलं की हे कण फडक्यात अडकतात आणि फडक्याबरोबर ओढले जातात. मग ओलं फडकं एका बादलीत बुडवून पिळून पुन्हा फिरवलं, की बादलीतली माती परत गाडीवर येते. दहा महिने, रोज दोनदा. हिशेब तुम्हीच करा.

तुम्ही आयुष्यभर फळा पुसला. फळा खडू धरावा म्हणून मुद्दाम खरखरीत ठेवलेला असतो, कोरड्या डस्टरनं त्याचं काही बिघडत नाही. क्लिअरला खरखर अजिबात चालत नाही. तोच तर त्याचा गुण आहे.

जाळी गोल का दिसते, हेही सांगतो, कारण जवळजवळ सगळेच यात फसतात. "गोल हात फिरवला म्हणून गोल रेघा पडल्या, आता सरळ पुसतो" असं लोक म्हणतात. रेघा खरं तर सगळ्या दिशांना पडलेल्या असतात. सूर्याचं प्रतिबिंब जिथं दिसतं, त्याभोवती ज्या रेघा उजेडाला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात, म्हणून वर्तुळं दिसतात. तुम्ही दोन पावलं सरका, वर्तुळही तुमच्याबरोबर सरकेल. हात सरळ फिरवलेला बरा, पण धूळ अडकलेलं फडकं सरळ फिरवलं तरी चरा हा पडतोच.

काळ्या रंगाला दोष देऊ नका. पांढऱ्या गाडीवरही तितक्याच रेघा असतात, दिसत नाहीत इतकंच.

तर उद्या सकाळपासून फडकं बंद. पिसांची झटकणीही बंद. मला ठाऊक आहे, तीस दिवसांच्या आत तुमचा हात शिवशिवेल, आणि धुळकट गाडी दारात उभी असलेली शेजारी बघतील. बघू देत. कोरडी धूळ नुसती बसून राहिली तर रंगाचं काही बिघडत नाही. काच मात्र पुसा. काच क्लिअरपेक्षा पुष्कळ कठीण असते आणि ती स्वच्छ असणं सुरक्षिततेसाठी गरजेचं आहे. त्यासाठी वेगळं फडकं ठेवा.

दोन-तीन गोष्टींना मात्र दिवसभरही थांबायचं नाही. पहिली म्हणजे पक्ष्यांची विष्ठा. गाडी झाडाखाली असते म्हणजे हे रोजचंच. त्यात यूरिक आम्ल असतं, आणि उन्हानं काळा पत्रा तापला की क्लिअर किंचित मऊ पडतो. मग गार होताना तो आकसतो आणि वाळलेल्या विष्ठेचा ठसा धरतो. एप्रिलच्या उन्हात एका दुपारीत डाग कायमचा कोरला गेलेला मी पाहिला आहे. तो दिसला की खरवडू नका. पाण्यानं चिंब भिजवलेला कापडाचा तुकडा त्यावर पाच-दहा मिनिटं ठेवा, विष्ठा मऊ होईल, मग तुकडा वर उचला. चिकटलेल्या किड्यांनाही हेच. महामार्गावरून रात्री येताना बंपरवर किडे बसतात, तेही आम्लच सोडतात. झाडाचा चीक वाळून घट्ट झाला असेल तर त्यालाही भिजवणं हाच पहिला उपाय. आणि गुलमोहराची ती बारीक पानं वायपरखालच्या जाळीत साठतात. पाण्याची वाट तुंबते, पाणी साचतं, आतला पत्रा गंजू लागतो. महिन्यातून एकदा बोनेट उघडून ती पानं हातानं वेचून काढा. फुलांचा मोसम आला की पाकळ्याही भिजून डाग धरतात, त्यावरही लक्ष ठेवा.

आता धुण्याचं बोलू. पुसण्याऐवजी आठ-दहा दिवसांतून एकदा नीट धुवा, आणि त्या दिवशी तुमचा सगळा जीव ओता. तासभर लागेल. तुमच्यासारख्या माणसाला हे काम आवडेल अशी माझी खात्री आहे.

सामान फार लागत नाही. दोन बादल्या, एक मायक्रोफायबरचा धुण्याचा मोजा, गाडीचा शॅम्पू, कोरडं करायला एक मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल, आणि चाकांसाठी वेगळी तिसरी बादली व ब्रश. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको. ती तेलकटपणा कापण्यासाठीच केलेली असते, गाडीवरचं मेणही तितक्याच झटक्यात कापते. स्पंजही नको. त्याचा पृष्ठभाग सपाट असतो, खडा त्याच्या आणि रंगाच्या मध्येच राहतो. मोज्याच्या झिपऱ्यांत तो आत शिरतो, रंगापासून लांब.

एका बादलीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. या दुसऱ्या बादलीच्या तळाशी स्टीलची एखादी जुनी चाळण पालथी घालून ठेवा. मोज्यातली माती चाळणीखाली बसते आणि ढवळून वर येत नाही. बाजारात यासाठी खास जाळी मिळते, पण वहिनींनी टाकून दिलेली चाळण तितकंच काम करेल.

गाडी सावलीत असावी आणि बोनेटला हात लावला तर गार लागावं. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू सुकतो आणि त्याचे डाग बसतात. सकाळचा तुमचा साडेसहाचा वेळ उत्तम आहे, तो सोडू नका.

चाकं आधी. त्यांच्यावर ब्रेकची लोखंडी भुकटी असते, ती बादली आणि तो ब्रश अंगावर कधीही येऊ द्यायचा नाही. मग पाइपनं टपापासून खाली भरपूर पाणी सोडा. घाई करू नका. हात लावायच्या आधी जितकी माती पाण्यानं निघेल तितक्या रेघा वाचल्या. त्यानंतर फवारणीच्या छोट्या हातपंपात शॅम्पूचं पाणी भरून सगळीकडं फेस मारला आणि चार-पाच मिनिटं तसाच ठेवला तर उरलेली मातीही सुटते. हा पंप नवा घ्या. शेतावर तणनाशकाला वापरलेला कितीही धुतला तरी गाडीला नको. फेस सुकायच्या आत पाणी मारून घ्या.

आता मोजा. शॅम्पूत बुडवा, टपाचा एक भाग सरळ रेषेत पुसा, मग नुसत्या पाण्याच्या बादलीत चाळणीवर घासून धुवा, पुन्हा शॅम्पूत. प्रत्येक भागानंतर. दाब शून्य. मोजा स्वतःच्या वजनानं सरकला पाहिजे, तुमच्या हातानं नुसती वाट दाखवायची. क्रम वरून खाली: टप, काचा, बोनेट, डिकी, दारांचा वरचा निम्मा भाग आणि सगळ्यात शेवटी खालचा भाग व बंपर. खालचा भाग सगळ्यात मातकट असतो. तिथून परत वर यायचं नाही. मोजा हातातून जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो बाद. झटकून परत वापरायचा मोह होतो, आणि नेमकी तीच रेघ सगळ्यात खोल असते.

शेवटचं पाणी मारताना पाइपचं तोटीचं टोक काढून टाका आणि पाण्याचा पडदा वरून हळू सोडा. पुष्कळसं पाणी आपणच निथळतं. मग टॉवेल. तो ओला पत्रा घासायला वापरायचा नाही. टॉवेल पसरून ठेवायचा, वरून हलकं थोपटायचं, उचलायचा. लहान मुलाचं अंग टिपतो तसं. दारांच्या कडा, डिकीची खाच यांना जुनं वेगळं फडकं. झालं की रंकाळ्याला एक फेरी मारून या. आरशात आणि फटींत अडकलेलं पाणी गळून जाईल आणि ब्रेकच्या डिस्कवरचं पाणीही सुकेल, नाहीतर रात्रीतून तिच्यावर तांबूस गंज धरतो.

टॉवेल आणि मोजे बाकीच्या कपड्यांत धुऊ नका. सुती कपड्यांचे धागे त्यांना चिकटतात. कपडे मऊ करणारं द्रवही नको, त्यानं मायक्रोफायबरची पाणी शोषायची ताकद जाते.

पाण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण बोअरचं असेल तर एक लक्षात ठेवा. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. थेंब वाळला की पाणी जातं, क्षार राहतो, आणि काळ्या रंगावर पांढरी कडी उमटतात. आधीचं पाणी बोअरचं चालेल, पण शेवटची धार नळाच्या पाण्याची असावी आणि ते लगेच टिपावं. स्वयंपाकघरातल्या आरओच्या यंत्रातून वाया जाणारं पाणी साठवून त्यानं गाडी धुणारे बरेच जण मला भेटतात. हेतू चांगला आहे, पण त्या पाण्यात क्षार आणखी दाटलेले असतात. ते चाकांना वापरा. पावसाळ्यात पहिले चार-सहा पाऊस होऊन गच्ची धुतली गेली की पन्हाळीचं पाणी पिंपात धरून ठेवा. गाडीला त्याच्याइतकं मऊ पाणी दुसरं नाही. कडी उमटलीच असतील तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून गार पत्र्यावर ओल्या कापडानं मिनिटभर ठेवा आणि भरपूर पाण्यानं धुवा.

पाइप सतत सुरू ठेवू नका. साधा पाइप मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी सोडतो, अर्ध्या तासात किती गेलं बघा. आणि गाडी पंचगंगेवर किंवा रंकाळ्यावर नेऊन धुवायचा विचार कुणी सुचवला तर स्पष्ट नको म्हणा. त्या पाण्याचं आधीच काय झालंय ते तुम्ही-आम्ही बघतोच आहोत.

स्वस्तिकाचा डाग. खंडेनवमीची पूजा मीही करतो, दुकानातल्या हत्यारांची आणि गाडीचीही. तेव्हा पूजा टाळा असं मी म्हणणार नाही. फक्त पुढच्या वर्षी कुंकवाचं बोट बोनेटऐवजी समोरच्या काचेच्या कोपऱ्यात लावा. काच डाग धरत नाही. क्लिअर धरतो, विशेषतः कृत्रिम रंग घातलेल्या कुंकवाचा, आणि ओल्या बोटानं घासलं की कणांचे चरेही पडतात. झेंडूचा हार लावला तर तो बांधलेला असावा, सुटा फडफडणारा नसावा, आणि गाडी महामार्गावर नेण्याआधी काढून ठेवा. वाऱ्यावर त्याची दोरी आणि तार रंगाला घासत राहते. सध्याच्या डागातला हळदीचा पिवळेपणा उन्हानं आपोआप फिका पडेल, हळदीतलं रंगद्रव्य उन्हात टिकत नाही. लाल राहिलं तर पुढं सांगतो त्या हलक्या पॉलिशच्या वेळी तेवढी जागा हातानं करून घ्या. थिनर किंवा नखांचं पॉलिश काढायचं द्रव लावू नका, ते क्लिअरच मऊ करतं.

जोतिबाच्या चैत्र यात्रेला गाडी नेली आणि गुलाल पडला तर नियम तोच. झटकायचा नाही, चोळायचा नाही. घरी येऊन आधी भरपूर पाणी, मग फेस.

आता तिघांच्या सल्ल्यांकडं येऊ.

कव्हर नको. कव्हर चांगलं, पण धुतलेल्या गाडीवर आणि बंद जागेत. रस्त्यावर धूळ बसलेल्या गाडीवर कव्हर घातलं की वारा ते दिवसभर हलवत राहतो, आणि तुम्ही सोडलेलं काम वारा करतो. पावसाळ्यात ते ओलंच राहतं, ते आणखी वाईट.

रबिंग-पॉलिशमध्ये माणूस सांभाळून निवडावा लागतो. रेघ भरून येत नाही. तिच्या भोवतालचा क्लिअर तिच्या तळापर्यंत झिजवला की ती दिसेनाशी होते. म्हणजे प्रत्येक पॉलिशला त्या अर्ध्या पानातलं काही जातं. हलक्या पॉलिशला एखाद-दोन मायक्रॉन, जाड कंपाउंड, म्हणजे खरखरीत लेप, आणि लोकरी पॅडनं बरंच जास्त. शिकाऊ होतो तेव्हा एका गाडीच्या बोनेटच्या कडेवर मी बफ मशीन, म्हणजे पॉलिशचं फिरतं यंत्र, दोन क्षण जास्त धरलं आणि क्लिअर पार करून खालचा रंग उघडा केला. कडांवर थर सगळ्यात पातळ असतो, ते मला तेव्हा कळलं. आमच्या दुकानाच्या मालकानं स्वतःच्या पैशानं अख्खं बोनेट परत रंगवून दिलं. तेव्हापासून कडांना मी आधी चिकटपट्टी लावतो, मगच मशीन सुरू करतो. तुमच्याकडं काम करणाऱ्यानंही ती लावली की नाही हे बघा.

तेव्हा त्या वॉशिंग सेंटरवाल्याला दोन गोष्टी विचारा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र आहे का, आणि सगळ्यात हलक्या पॉलिशनं आधी एक वीतभर जागा करून दाखवाल का. ती जागा झाली की तिच्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसायला सांगा आणि मग उन्हात बघा. काही पॉलिशांत तेलं असतात, ती रेघांत बसतात आणि दोन-तीन धुण्यांनंतर जाळी परत वर येते. अल्कोहोलनं तेल निघून जातं, खरं काम उरतं. या दोन्ही गोष्टींना जो आनंदानं हो म्हणेल त्याच्याकडं गाडी द्या. जो चिडेल त्याच्याकडं नको.

पॉलिशच्या आधी रंग गुळगुळीत आहे का ते तुम्हीच तपासू शकता. गाडी धुतल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि बोटं हलकेच फिरवा. खरखर लागली तर धुऊनही न निघणारे कण बसले आहेत, ते क्ले नावाच्या चिकणमातीसारख्या वडीनं, भरपूर शॅम्पूच्या पाण्याच्या निसरडेपणावर, काढावे लागतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज गाडी लावणाऱ्या वाचकांनी हे मुद्दाम करावं. फाउंड्र्यांच्या परिसरात हवेत लोखंडाचे सूक्ष्म कण असतात, ते रंगावर बसून गंजतात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपक्यांसारखे दिसतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो, लोखंडाशी त्याची क्रिया होऊन जांभळा ओघळ येतो. ओघळ थांबला की काम झालं.

मुलाचं सिरॅमिक कोटिंग, म्हणजे क्लिअरवर चढवायचा काचेसारखा पातळ थर. तो चुकीचं सांगत नाही. कोटिंगनं पाणी ठरत नाही, माती लवकर सुटते, पक्ष्यांच्या विष्ठेला चार तास जास्त मिळतात. पण ते जेमतेम एखाद-दोन मायक्रॉनचं असतं, आणि जाहिरातीतलं '९एच' हे पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणतेचं माप आहे, खनिजांच्या श्रेणीतलं ९ नव्हे. वाळू त्यावरही चरे पाडते. आज कोटिंग करून उद्या सकाळी फडकं मारलंत तर तीच जाळी कोटिंगवर येईल. शिवाय आहे त्या जाळीवर कोटिंग केलं तर जाळी काचेखाली जपून ठेवल्यासारखी होते. त्याला सांगा, कोटिंग करू, पण आधी तीन महिने धुण्याची सवय बसू दे. मग एकदा हलकं पॉलिश, मग कोटिंग. या क्रमानं केलं तर तुम्हाला परत पॉलिश पुष्कळ वर्षं लागणार नाही.

कोटिंग करायचं नसेल तर मेण पुरेसं आहे. कार्नौबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, काळ्या रंगावर त्याची खोली सुंदर दिसते. पण आपल्या उन्हात-पावसात ते दीड-दोन महिन्यांच्या वर धरत नाही. सीलंट, म्हणजे मेणाच्या जागी लावायचा कृत्रिम लेप, चार-सहा महिने टिकतं. मी तुम्हाला सीलंटच सुचवेन. एकदा मे अखेरीस, मृगाच्या आधी, आणि एकदा दसऱ्याच्या आसपास, कारखान्यांची धुराडी पेटायच्या आधी. अगदी पातळ हात द्यायचा. जाड लावल्यानं जास्त टिकत नाही, पुसायला मात्र जास्त लागतं. धुतल्यावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे न राहता पसरायला लागले की मेण संपलं असं समजा.

पावसाळ्यात लोक धुणं सोडून देतात, "पाऊस धुतोच आहे" म्हणून. पाऊस वरची धूळ नेतो, पण दारांच्या खालच्या भागावर चिखलाचा थर चढत जातो. पन्हाळा-राधानगरीकडची तांबडी माती तर फटींत बसली की निघता निघत नाही. नुसतं पाणी तरी मारत राहा, चाकांच्या वरच्या कमानींत आणि गाडीखालीही. दारांच्या खालच्या कडेला पाणी गळायची छोटी भोकं असतात, ती चिखलानं बुजली नाहीत ना ते काडी घालून बघा. कोकणात समुद्रावर जाऊन आलात तर दुसऱ्याच दिवशी खालून धुवा, खाऱ्या वाळूला एक आठवडासुद्धा देऊ नका.

डांबराचे ठिपके आले तर टार रिमूव्हर वापरा. नसेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं रॉकेल, फक्त ठिपक्यावर, आणि लगेच शॅम्पूनं धुवायचं. काही ठिकाणी अख्खी गाडी डिझेलनं पुसून चकाकी आणतात, ती करू देऊ नका. तेलकट थरावर धूळ चिकटते आणि रबरं फुगतात.

राहिली नातवाची रेघ. गाडी धुऊन कोरडी झाली की नख रेघेवरून आडवं फिरवा. नख न अडता गेलं तर रेघ क्लिअरमध्येच आहे, पॉलिशबरोबर जाईल. खड्यानं ओढली म्हणता, म्हणजे बहुधा नख अडकेल. मग रेघेच्या तळाशी काय दिसतं ते भिंगातून बघा. पांढरं-राखाडी दिसलं तर प्रायमर आहे, गंजाची घाई नाही. चकचकीत पत्रा दिसला तर मात्र थांबू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीत किंवा बोनेटखाली रंगाचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. त्याच क्रमांकाची टच-अपची छोटी बाटली मिळते. काळा म्हणजे नुसता काळा समजू नका, काळ्यातही प्रकार आहेत. रेघ अल्कोहोलनं पुसून सुकू द्या. बाटलीतल्या ब्रशनं भरू नका, तो जाड असतो. दात कोरायच्या काडीच्या टोकानं रंग फक्त रेघेच्या आत सोडा, एकदम नाही, पातळ दोन-तीन हातांत, प्रत्येक हात सुकल्यावर पुढचा. शेवटी क्लिअरचा एक थेंब. महिनाभर त्या जागेला मेण-पॉलिश लावू नका. अगदी जवळून बघितलं तर रेघ दिसेल, दोन हातांवरून दिसणार नाही, आणि पत्रा गंजणार नाही. अख्खं दार रंगवून घेऊ नका. कारखान्यात भट्टीत तापवून बसवलेला मूळ रंग बाहेर कुणालाही तसाच बसवता येत नाही, मलाही नाही.

नातू सुट्टीला आला की दुसरा मोजा त्याच्या हातात द्या आणि खालच्या बंपरपासून सुरुवात करून द्या.